प्रश्न तुमचे : छोट्या रुळांवर आपला लोहमार्ग

मागील अंकात बेळगावातील आमच्या हौशी मंडळाच्या छोट्या रेल्वेविषयी टिपण प्रसिद्ध झाल्यानंतर निपाणीपासून लोंढ्यापर्यंतच्या वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. मापांविषयीची उत्तरे मुद्दाम सविस्तर दिली आहेत, कारण या छंदात पहिले माप एकदा ठरले की पुढची सगळी वर्षे त्याच मापाने काम करावे लागते.

निपाणीहून अभियांत्रिकी पदविकेचा एक विद्यार्थी विचारतो : सर, आपल्या ब्रॉडगेजवरची निळ्या डब्यांची गाडी आणि तिचे डिझेल इंजिन मला हाताने बनवायचे आहे. बाजारात १६.५ मि.मी. रुंदीचे रूळ मिळतात. त्यांवर आपला डबा शोभेल का? प्रमाण कोणते घ्यावे? घरात भिंतीलगत दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद एवढी जागा मिळणार आहे.

उत्तर : दोन रुळांच्या आतील कडांमधले अंतर म्हणजे गेज, आणि खरी वस्तू किती पटीने लहान करायची ते प्रमाण, या दोन गोष्टी आधी वेगळ्या करून पाहाव्यात. तुम्ही म्हणता ते रूळ एचओ या नावाने विकले जातात आणि त्यांचे प्रमाण १:८७ आहे. युरोप-अमेरिकेतील प्रमाणित गेज १४३५ मि.मी. असल्याने त्याला ८७ ने भागले की साडेसोळा मिलिमीटर येतात. ब्रिटनमध्ये त्याच रुळांवर १:७६.२ या प्रमाणाच्या, म्हणजे थोड्या मोठ्या गाड्या चालवतात. आपले ब्रॉडगेज १६७६ मि.मी. आहे आणि १:८७ ने ते १९.२६ मि.मी. भरते. त्यामुळे १:८७ चा भारतीय डबा १६.५ मि.मी. रुळांवर ठेवला की वरचे अंग रुंद आणि खालची चाके फार आत गेलेली दिसतात. ज्याने लहानपणापासून फाटकाशी उभे राहून गाडी समोरून येताना पाहिली आहे, त्याच्या डोळ्यांना हा फरक लगेच खटकतो.

यावर दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे १:८७ कायम ठेवून १९.३ मि.मी. गेजचे रूळ, सांधे (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे रुळांचे तुकडे) आणि चाकांच्या जोड्या स्वतः बनवणे. ही वाट प्रामाणिक आहे. पण एकट्या विद्यार्थ्याला तिचा सांधा बनवण्यातच थकवा येईल. दुसरी वाट मला अधिक पटते. एका फुटाला तीन मिलिमीटर हे प्रमाण धरले, तर आपल्या साडेपाच फुटांचे बरोबर साडेसोळा मिलिमीटर होतात. हे प्रमाण १:१०१.६ असे लिहितात आणि ब्रिटनमधील हौशी मंडळींत ते जुन्या काळापासून वापरात आहे. म्हणजे रूळ, सांधे आणि आसांवरची चाके बाजारातून घ्यायची, आणि वरचा डबा व इंजिन आपल्या मापाने बांधायचे. तुमच्या निळ्या गाडीचा, म्हणजे आयसीएफ बनावटीचा डबा २१.३४ मीटर लांब आणि ३.२४५ मीटर रुंद असतो, तो या प्रमाणात २१० मि.मी. लांब आणि ३२ मि.मी. रुंद होईल. एलएचबी या नव्या बनावटीच्या डब्याची लांबी २३२ मि.मी. येईल. मीटरला साठ किलो वजनाच्या रुळाची खरी उंची १७२ मि.मी. असते, ती १.७ मि.मी. होते, त्यामुळे विकत घेताना २.५४ मि.मी. उंचीच्या कोड १०० रुळांपेक्षा कमी उंचीचे रूळ मिळाले तर ते घ्यावेत. फलाटाची कड रुळांच्या मध्यापासून १६७० ते १६८० मि.मी. अंतरावर असते, म्हणजे तुमच्याकडे ती साडेसोळा मिलिमीटरवर येईल, आणि फलाटाची उंची साधारण आठ मिलिमीटर.

मीटरगेजचीही या प्रमाणात बऱ्यापैकी सोय होते. मीटरगेज येथे ९.८४ मि.मी. भरते आणि एन मापाचे ९ मि.मी. रूळ त्याच्या जवळ जातात. मिरजेला एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि कुर्डुवाडीकडे जाणारे नॅरोगेज असे तिन्ही मार्ग एकत्र येत होते. ते स्थानक उभे करण्याची इच्छा असलेल्याला याहून सोयीचे प्रमाण मला दिसत नाही.

आता जागेविषयी. तीन फूट रुंदीत गोल फेरी बसवायची तर वळणाची त्रिज्या जेमतेम ४०० मि.मी. मिळते. सर्वांत लांब डब्याच्या तिप्पट त्रिज्या असावी असा सर्वसाधारण अनुभव आहे. दुपटीच्या खाली गेले की डब्यांची टोके एकमेकांवर घासतात आणि गाडी घसरते. तुमच्या डब्याच्या तिप्पट म्हणजे ६३० मि.मी. होतात. म्हणून फेरीचा नाद सोडा आणि भिंतीलगत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी मांडणी करा. पाच डबे आणि एक इंजिन मिळून सुमारे १.२७ मीटर होतात. दहा फुटांपैकी एक मीटर तीस-चाळीस सेंटिमीटर फलाटाला, चाळीस सेंटिमीटर सांध्यांना आणि उरलेली जागा पडद्याआडच्या यार्डाला द्या. गाडी पडद्याआडून यावी, फलाटाला लागावी, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला जोडले जावे आणि गाडी परत जावी, एवढ्याने संध्याकाळ भरून जाते. डब्यांची मापे घेताना फलाटावर तिकीट काढून उभे राहावे; रुळांवर उतरणे धोक्याचे आहेच, शिवाय १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ नुसार तो गुन्हा आहे.

खानापूरहून एक सेवानिवृत्त शिक्षक लिहितात : मी नातवंडांसाठी प्लायवर मांडणी केली आहे. आषाढ-श्रावणात रूळ एकमेकांच्या जोडाशी सुटतात आणि इंजिन अडखळत चालते. थंडीत तेच रूळ मधेच वर उचलले जातात. दोष कशात आहे?

उत्तर : गुरुजी, आपल्या तालुक्यातला पाऊस लक्षात घेता या तक्रारीत नवल नाही, आणि आपण दोन्ही ऋतूंतली लक्षणे टिपून ठेवल्यामुळे निदान करणे सोपे झाले आहे. धातूचा वाटा यात लहान आहे. एक मीटर रूळ वीस अंश तापमानाच्या फरकाने सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. लाकडी चौकट आणि प्लाय ओलावा शोषून त्याहून बरेच जास्त हलतात. रूळ मात्र खिळ्यांनी जखडलेले असतात. फळी फुगली की रूळ एखाद्या ठिकाणी ताणले जातात, कोरडी पडली की दुसऱ्या ठिकाणी दबतात.

नवी फळी घ्याल तेव्हा आयएस ७१० या भारतीय मानकाची, जिला मरीन प्लाय म्हणतात ती घ्यावी. खर्च परवडत नसेल तर आयएस ३०३ मधील पाणी सोसणारी चालेल. कोणतीही घेतली तरी वरची बाजू, खालची बाजू आणि चारही कापलेल्या कडा वॉर्निशने किंवा ऑइलपेंटने बंद कराव्यात. कडांकडे लोक दुर्लक्ष करतात आणि ओलावा नेमका तिथूनच शिरतो. मांडणी पावसाळी भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावी. लाकडी पायांना खाली लोखंडी टोप्या आणि वाळवीरोधक द्रावणाचा हात दिला तर जंगलालगतच्या घरात वाळवीची काळजी बरीच कमी होते. असलेल्या मांडणीत दर मीटरभर अंतरावर जोडपट्टीशी पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवावी आणि रूळ खिळ्यांनी घट्ट आवळू नयेत.

इंजिन अडखळण्याचे कारण बहुधा वेगळे आहे. रुळांच्या जोडपट्ट्यांमधून वीज जाईल असे गृहीत धरून बहुतेक जण सगळ्या मांडणीला एकाच ठिकाणी दोन तारा जोडतात. ओल्या हवेत त्या पट्ट्या काळवंडतात आणि पुढच्या रुळांना वीज पोहोचत नाही. फळीखालून घरगुती वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची जोडी टोकापासून टोकापर्यंत न्यावी आणि रुळांच्या प्रत्येक तुकड्याला त्या जोडीतून बारीक तारेने स्वतंत्र डाग (सोल्डर) द्यावा. काम कंटाळवाणे आहे, पण एकदा केले की पुन्हा करावे लागत नाही. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले सुती कापड वापरावे. पॉलिश पेपर टाळावा, कारण त्याच्या ओरखड्यांत पुढची घाण अधिक वेगाने धरते. पितळी रूळ आपल्या हवेत लवकर काळे पडतात, निकेल-सिल्व्हरचे त्या मानाने टिकतात. आणि डबे रंगवण्याचे काम दिवाळीनंतर काढावे. पावसाळ्यात फवारलेल्या रंगावर पांढरट झाक येते आणि ती पुन्हा रंगवल्याशिवाय जात नाही.

उद्यमबाग येथील एका कारखान्यातील टर्नर विचारतात : मी लेथवर काम करतो. चाके आणि इंजिनाची खालची रचना स्वतः करावी असे वाटते. कोणती मापे धरू? मोटर आणि गिअर कसे निवडायचे?

उत्तर : हे पत्र वाचून मला फार आनंद झाला. बेळगावात इतके फाउंड्रीवाले, पॅटर्न करणारे आणि टर्नर असताना आपल्या छोट्या इंजिनांची चाके बाहेरून मागवावी लागतात ही गोष्ट मला नेहमी सलते. तुमच्यासारख्या कारागिराने हे काम हाती घेतले तर मंडळातल्या प्रत्येकाची सोय होईल.

डब्ल्यूडीएम-२ हे ब्रॉडगेजचे डिझेल इंजिन घेऊन चालू. अमेरिकेतील अल्को कंपनीकडून ती १९६२ साली आली आणि पुढे वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. बफरांसह इंजिनाची लांबी १७.१२ मीटर आणि चाकांचा व्यास १०९२ मि.मी. आहे. १:१०१.६ प्रमाणात लांबी १६८.५ मि.मी. आणि चाक १०.७५ मि.मी. येते. चाकांसाठी सहज कापले जाणारे पितळ किंवा माइल्ड स्टील घ्या, आसासाठी दोन मिलिमीटरचा सिल्व्हर स्टील. चाकाची एकूण रुंदी २.८ मि.मी., फ्लँजची (चाकाच्या आतल्या बाजूच्या उंच कडेची) खोली ०.६४ मि.मी. आणि रुळांवर टेकणाऱ्या पृष्ठभागाला तीन अंशांचा उतार ठेवा. फ्लँज जिथे त्या पृष्ठभागाला मिळते तिथे काटकोन राहू देऊ नका, लहानशी गोलाई द्या. चाक रुळांच्या मध्यावर राहण्याचे काम ती गोलाई आणि तो उतार मिळून करतात. यासाठी हायस्पीड स्टीलच्या तुकड्याला घासून एक फॉर्म टूल बनवले की सगळी चाके एकसारखी निघतील. खऱ्या चाकाची रुंदी १२७ मि.मी. असते आणि ती या प्रमाणात सव्वा मिलिमीटरच होते. पण बाजारातील सांध्यांतून घसरू नये म्हणून आपल्याला ती दुपटीहून अधिक ठेवावी लागते. ही तडजोड समजून उमजून करावी.

सर्वांत महत्त्वाचे माप म्हणजे एका आसावरील दोन चाकांच्या आतील बाजूंमधले अंतर. ते सुमारे १४.४ मि.मी. असावे आणि प्रत्येक जोडीत सारखे असावे. दहा चाकजोड्यांपैकी एक जरी अर्ध्या मिलिमीटरने चुकली तरी गाडी प्रत्येक सांध्यावर तिथेच उडेल, आणि माणूस सांध्याला दोष देत बसेल. १४.४ मि.मी. जाडीचा एक पोलादी ठोकळा ग्राइंड करून घ्या आणि चाके बसवताना तो मधे धरा. दोन रुळांतून वीज येते, म्हणून जोडीतील एक चाक नायलॉनच्या बुशवर बसवून आसापासून वेगळे करायला विसरू नका.

गिअरचा हिशोब असा. या इंजिनाची कमाल गती ताशी १२० किलोमीटर धरली तर १:१०१.६ मध्ये ती सेकंदाला ३२८ मि.मी. होते. १०.७५ मि.मी. चाकाचा परीघ ३३.८ मि.मी., म्हणजे चाकाने मिनिटाला सुमारे ५८० फेरे घ्यायला हवेत. १२ व्होल्टची मोटर दहा हजार फेरे देत असेल तर सतरास एक गिअर लागेल, आणि तो वर्म गिअरने एका टप्प्यात मिळतो. मोटरच्या दांड्यावर पितळी फ्लायव्हील चढवा. रुळांवर क्षणभर वीज तुटली तरी इंजिन थबकत नाही. तयार गिअर असलेल्या छोट्या एन-२० मोटरी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्त मिळतात, पहिल्या इंजिनाला त्या चालतील. आवाज मात्र करतात आणि जड गाडी ओढायला दीर्घकाळ पुरत नाहीत. वीज सहाही आसांवरून उचला. या इंजिनाच्या बोगीतील तीन आसांमधले अंतर सारखे नसते, ही गोष्ट छायाचित्रावरून तपासूनच फ्रेमला भोके पाडा.

चिक्कोडीहून एक भगिनी विचारतात : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला या गाड्यांचे वेड आहे. विजेचे काम असल्याने घरातले लोक घाबरतात. तिला हे करू द्यावे का? आणि मुलीने असल्या छंदात पडावे का, असाही सूर निघतो.

उत्तर : ताई, तिला अवश्य करू द्या. दुसऱ्या शंकेला उत्तर देण्याची गरज मला वाटत नाही. आमच्या मंडळात सांध्यांचे सर्वांत नाजूक काम एक ताईच करतात. रुळांवर येणारी वीज बारा व्होल्टची असते. धोका असतो तो भिंतीतल्या २३० व्होल्टचा, म्हणून प्रमाणित बंद अडॅप्टर वापरावा, तो फळीपासून दूर ठेवावा आणि त्याचे झाकण कुणीही उघडू नये. डाग देण्याचे काम तिला बारा-तेरा वर्षांनंतर मोठ्यांच्या देखरेखीखाली शिकवावे. डागाच्या धातूत बहुधा शिसे असते, तेव्हा काम झाल्यावर साबणाने हात धुतलेच पाहिजेत. तोवर ती कार्डशीटची घरे, झाडे आणि फलाट करू शकेल. सुट्टीत तिला पुण्याला कोथरूडमधील भाऊ जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय दाखवा, ते १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. हुबळीचे रेल्वे संग्रहालय आपल्याला त्याहून जवळ पडते.

रायबागच्या एका गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते लिहितात : यंदा देखाव्यात कुडचीजवळचा कृष्णेवरचा रेल्वे पूल आणि त्यावरून जाणारी गाडी दाखवायची आहे. रोज सहा-सात तास गाडी चालली पाहिजे. दोन्ही टोकांना वळण देऊन ती परत आणली तर चालेल का?

उत्तर : कल्पना उत्तम आहे आणि पूल आपल्याच भागातला असल्याने लोक बारकाईने पाहतील. एक गोष्ट मात्र आधीच टाळा. एकेरी मार्गाच्या टोकाला गोल वळण देऊन गाडी त्याच मार्गावर परत आणली की डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो आणि साध्या वीजजोडणीत तिथेच शॉर्ट होतो. तो टाळण्याची उपकरणे आहेत, पण दहा दिवसांच्या देखाव्यात त्यांची परीक्षा नको. लंबगोल फेरी करा. पुढची बाजू पुलावरून न्या आणि मागची डोंगराच्या किंवा ऊसमळ्याच्या आड लपवा. मागे दोन गाड्यांसाठी दोन मार्ग ठेवले की एक धावेल तेव्हा दुसरीची मोटर थंड होईल. वीस-पंचवीस मिनिटांनी गाड्या बदलाव्यात. बारा व्होल्टऐवजी आठ-नऊ व्होल्टवर चालवा. गती शोभिवंत दिसते आणि मोटर टिकते.

देखाव्यात छोट्या रेल्वेला सर्वांत मोठा त्रास गुलाल आणि धुपाचा होतो. धुपाचा तेलकट थर रुळांवर बसतो, त्यावर गुलालाची पूड चिकटते आणि दुसऱ्या दिवशी गाडी हलत नाही. म्हणून पुढे काच किंवा ॲक्रिलिक लावा, आणि रोज सकाळी आरतीआधी रूळ व चाके पुसण्याचे काम एकाच कार्यकर्त्याकडे द्या. फळी व्यासपीठावर ठेवू नका. ढोल-ताशांच्या हादऱ्यांनी डबे घसरतात, त्यामुळे तिला स्वतंत्र पाय द्या आणि पायांखाली रबर घाला. रोषणाईची जोडणी आणि रेल्वेची जोडणी पूर्ण वेगळी असावी आणि मुख्य वीजपुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. मांडवात लहान मुले सर्वांत पुढे उभी राहतात, त्यामुळे या बाबतीत काटकसर नको.

लोंढ्याहून एक वाचक विचारतात : माझे वडील रेल्वेत होते. कॅसलरॉक ते कुळे हा घाट मला उभा करायचा आहे. खरा चढ तसाच ठेवता येईल का?

उत्तर : ठेवता येईल, आणि ठेवावा. त्या घाटातील चढ ३७ ला १ आहे. छोट्या रेल्वेतही हाच चढ वापरता येतो. याहून तीव्र करू नये. १:१०१.६ प्रमाणात एका मार्गावरून दुसरा मार्ग नेण्यासाठी साधारण ६० मि.मी. उंची लागते आणि या चढाने ती २.२२ मीटर लांबीत मिळते. चढाची सुरुवात आणि शेवट हळूहळू वाकवण्यासाठी दोन्हीकडे आणखी फूटभर जागा सोडावी, अन्यथा लांब इंजिनाची मधली चाके अधांतरी राहतात.

किती डबे चढतील याचा अंदाज आधी काढावा. उत्तर अमेरिकेतील छोट्या रेल्वेच्या संघटनेने एचओ डब्यांसाठी २८ ग्रॅम अधिक दर इंची १४ ग्रॅम असे वजन सुचवले आहे, त्या हिशोबाने तुमचा २१० मि.मी. डबा १४५ ग्रॅमचा होतो. पाच डबे म्हणजे ७२५ ग्रॅम. सपाटीवर चांगल्या फिरणाऱ्या चाकांना वजनाच्या दोन टक्के ओढ पुरते असे धरले तर १४-१५ ग्रॅम होतात. घाटात त्यात ७२५ भागिले ३७, म्हणजे जवळपास वीस ग्रॅमची भर पडते. ओढ दुपटीहून वाढली. सगळी चाके फिरणाऱ्या इंजिनाला स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा ओढता येतो, त्यातून त्याचे स्वतःचे चढणे वजा करावे लागते, तेव्हा दोनशे ग्रॅमचे इंजिन सरळ चढावर जेमतेम निभावेल आणि वळणावर चाके जागीच फिरतील. तीनशे ग्रॅम ठेवावे.

मागून रेटणारी बँकर इंजिने हा त्या घाटाचा प्राण आहे, ती तुम्हाला नक्कीच हवी असतील. साध्या जोडणीत पुढचे आणि मागचे इंजिन एकाच बनावटीच्या मोटरीचे आणि एकाच गिअरचे असले तरच ते जमते. मागचे थोडे जरी वेगवान असले तरी वळणावर मधले डबे बाहेर ढकलले जातात. डिजिटल नियंत्रणात प्रत्येक इंजिनाची गती स्वतंत्र जुळवता येते, म्हणून घाटासाठी तो खर्च योग्य आहे. सगळे बोगदे करण्याचा आग्रह धरू नका. एक बोगदा, त्यातून बाहेर पडताच वळणावरचा दूधसागरचा पूल आणि वर कोसळणारे पाणी, एवढे तीन मीटरमध्ये नीट साधले तर वडिलांच्या वेळचा घाट ओळखू येईल. वाफेच्या काळातला दाखवायचा असेल तर मीटरगेजची वायपी किंवा वायजी इंजिने घ्या. ब्रॉडगेज तिथे १९९० च्या दशकात आले.

बेळगाव, टिळकवाडीहून : स्थानकाच्या पाटीवर नाव काय लिहावे?

उत्तर : तुमच्या मांडणीचे साल ठरवा, पाटी त्यावरून ठरेल. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बदलले. त्याआधीच्या काळातील स्थानक दाखवत असाल तर त्या काळातील छायाचित्रातील पाटी, तिच्यावरील लिप्या आणि त्यांचा क्रम जसाच्या तसा उतरवा. इंजिन, डब्यांचा रंग, पाटी आणि फलाटावरची माणसे एकाच सालातली असली पाहिजेत.

गोकाकहून एक चित्रकार विचारतात : जमीन आणि शेते करायला बाहेरचे साहित्य महाग पडते. इथले काय वापरता येईल?

उत्तर : जवळजवळ सर्व काही. खानापूरची तांबडी माती आणि रायबागकडची काळी माती उन्हात वाळवून, वस्त्रगाळ करून वापरा. तयार पुड्यांतून तो रंग कधीच येत नाही. मात्र माती पसरण्याआधी कागदाखालून लोहचुंबक फिरवून पाहा. जांभ्याच्या मातीत लोहाचे कण असतात, त्यातले जे चुंबकाला धरतात ते इंजिनाच्या मोटरीत खेचले जातात आणि ती खराब करतात. मी तर रुळांलगत तांबडी माती फक्त रंगानेच दाखवतो. खडी पसरल्यावर पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून फवारा आणि मग पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडा; साबणामुळे तो खडीत मुरतो, नाहीतर वरच गोळा होतो. उसासाठी केरसुणीच्या काड्या हिरव्या रंगवून दाट रोवाव्यात. तुमच्या गावच्या लाकडी खेळण्यांची परंपरा पाहता माणसे आणि बैलगाड्या कशा कराव्यात हे मी तुम्हाला सांगू नये. माणसाची उंची फक्त सतरा मिलिमीटरच्या आसपास ठेवा.

अथणीहून काही तरुण लिहितात : आम्हा सात-आठ जणांना मंडळ काढायचे आहे. जागा कुणाकडेच नाही. सुरुवात कशी करावी?

उत्तर : जागा नसणे ही अडचण जगभरातल्या हौशी मंडळांना ठाऊक आहे, लंडनमध्ये १९१० साली स्थापन झालेल्या मंडळापासून आजपर्यंत पुष्कळांनी यावर तुकड्यांची मांडणी हाच उपाय केला. प्रत्येकाने आपल्या घरी एक तुकडा बांधायचा आणि महिन्यातून एकदा शाळेच्या वर्गात किंवा मंगल कार्यालयात सगळे जोडायचे. आठ बाय चार फुटांच्या एका प्लायमधून १२२० बाय ४५० मि.मी. चे पाच तुकडे निघतात, आणि असा तुकडा मोटारीच्या मागच्या सीटवर मावतो.

तुकड्यावर काय असावे हे ज्याचे त्याने ठरवावे. कुणी ऊसतोड दाखवील, कुणी शेडबाळचा फलाट. तुकड्यांची टोके मात्र सगळ्यांची सारखी असली पाहिजेत, आणि त्यात मतभेदाला जागा ठेवू नये. टोकाची पट्टी १८ मि.मी. प्लायची, दोन मार्ग असतील तर त्यांच्या मध्यांमधले अंतर ५२ मि.मी. धरा, कारण नव्या कामात खरे अंतर ५.३ मीटर असते. जमिनीपासून रुळांच्या डोक्यापर्यंतची उंची आम्ही १०५० मि.मी. ठेवतो आणि पायांना वर-खाली होणारे बोल्ट लावतो, कारण कोणत्याही दोन सभागृहांची फरशी सारखी नसते. टोके ८ मि.मी. च्या बोल्टने आवळावीत आणि रूळ टोकाच्या कडेपर्यंत आणून तिथे पितळी स्क्रूंच्या डोक्यांवर डागाने पक्के करावेत. नेण्या-आणण्यात सर्वांत आधी तीच जागा हलते. विजेचे प्लग आणि तारांचे रंग लिहून ठरवा. वर्गणी, पदाधिकारी आणि नाव यांची चर्चा नंतर होऊ शकते. पहिल्या बैठकीआधी तुमच्यातील एकाने टोकाची एक पट्टी अचूक कापून, भोके पाडून, रुळांच्या जागा कोरून तयार ठेवावी, आणि येणाऱ्या प्रत्येकाने आपली पट्टी तिच्यावर ठेवूनच खुणावून न्यावी.